एमआरआयमध्ये सिस्ट निघाली, मग मानसोपचाराच्या गोळ्या थांबवायच्या का?

पत्र : डॉक्टर, मी सिडकोत राहते, माहेर ओझरचं. धाकटा भाऊ २३ वर्षांचा. डिप्लोमा करून सातपूरला एका कंपनीत लागला होता. गेल्या दिवाळीपासून तो बदलला. रात्र रात्र जागायचा. खोलीच्या खिडकीला आतून वर्तमानपत्रं चिकटवली, मोबाईल तांदळाच्या डब्यात पुरून ठेवायचा. शेजारचे नाव घेऊन शिव्या देतात म्हणायचा, घरात दुसऱ्या कुणाला काही ऐकू यायचं नाही. एकदा त्याने आईला ढकललं, तेव्हा मी त्याला मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं. रिस्पेरिडोन सुरू झाली, दोन महिन्यांत आवाज बरेच कमी झाले. त्याच डॉक्टरांनी एमआरआय करायला सांगितला, त्यात मेंदूच्या डाव्या बाजूला साडेतीन सेंटिमीटरची ‘अ‍ॅरॅक्नॉइड सिस्ट’ निघाली. तेव्हापासून आप्पा म्हणतात, पोरगं वेडं नाही, डोक्यात गाठ आहे, ती काढली की संपलं. गोळ्या त्यांनी बंद करायला लावल्या, दहा दिवस झाले. एक सर्जन म्हणाले काही करायची गरज नाही, दुसरे म्हणाले ऑपरेशन करता येईल. आजी त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळी करा म्हणते. चुलते म्हणतात कोबीतला किडा मेंदूत गेला असेल, पण आमचं घर माळकरी. आप्पांनी मोबाईलवर वाचलं की अमेरिकेत अशीच सिस्ट असलेल्या माणसाने बायकोला मारून टाकलं. ते ऐकल्यापासून आई रात्री डोळ्याला डोळा लावत नाही. आम्ही काय धरून चालायचं? रिपोर्टचा फोटो सोबत पाठवते आहे.
– एक बहीण, सिडको

उत्तर :

ताई,

बाकीचं सगळं मागाहून वाचा. आधी भावाच्या मानसोपचारतज्ज्ञांना फोन करा आणि गोळ्या दहा दिवसांपासून बंद आहेत हे सांगा. पूर्वीचाच डोस घरच्या घरी परत सुरू करू नका. मध्ये खंड पडला की डॉक्टर बऱ्याचदा कमी डोसपासून पुन्हा चढवत नेतात, ते त्यांना ठरवू द्या. पण हा फोन उद्यावर टाकू नका.

गोळ्या थांबवल्याच्या दुसऱ्या दिवशी आवाज परत आले असते, तर आप्पांना कुणी समजवायची गरजच उरली नसती. तसं सहसा होत नाही. उलट पहिले काही दिवस पोरगं तरतरीत दिसतं, कारण औषधाची गुंगी उतरलेली असते, अंगाचा ताठरपणा कमी झालेला असतो. घरातले म्हणतात, बघा, गोळ्यांनीच आजारी पाडलं होतं. आजार डोकं वर काढतो तो काही आठवड्यांनी, कधी चार-सहा महिन्यांनी, आणि तोवर गोळ्या कधी थांबवल्या हे कुणाच्या ध्यानातही नसतं. म्हणूनच पहिल्या वेळचा त्रास पूर्ण ओसरल्यावरही औषध निदान वर्ष-दोन वर्षं चालू ठेवतात. तुमच्या भावाचे आवाज तर अजून पुरते थांबलेही नव्हते. आणि असा आजार जितका काळ उपचारांवाचून राहतो, तितकं पुढचं सावरणं जड जातं. सिस्टचं काय करायचं हा प्रश्न दोन महिने थांबू शकतो, गोळ्यांचा प्रश्न थांबू शकत नाही.

आता सिस्टकडे येऊ. अ‍ॅरॅक्नॉइड सिस्ट म्हणजे पाण्याची पिशवी. मेंदूभोवती तीन आवरणं असतात, त्यांतल्या मधल्या पातळ आवरणाचे दोन पदर बहुतेकदा बाळ पोटात असतानाच वेगळे होतात आणि त्यांच्या मध्ये पाणी साठतं. हे पाणी बाहेरचं काही नाही. ते आपल्या सगळ्यांच्या मेंदूभोवती आणि पाठीच्या कण्यात असतंच. सिस्टमध्ये कॅन्सरच्या पेशी नसतात, ती कुठे पसरत नाही. ब्रिटिश डॉक्टर रिचर्ड ब्राइट यांनी १८३१ मध्येच अशा पिशव्यांचं वर्णन करून ठेवलं आहे, म्हणजे वैद्यकशास्त्राला ही गोष्ट नवी नाही. फक्त पूर्वी ती क्वचित कळायची, आता नाशिकमध्ये जागोजागी एमआरआयची मशिनं झाल्यामुळे वरचेवर कळते.

तुम्ही पाठवलेला रिपोर्ट मी नीट वाचला. इथून निदान करणं योग्य नाही, पण त्यातल्या ओळी तुम्हाला समजावून सांगू शकतो. पहिली ओळ म्हणते की पिशवीतलं द्रव प्रत्येक प्रकारच्या चित्रात मेंदूच्या नेहमीच्या पाण्यासारखंच दिसतं: एका चित्रात पांढरं, दुसऱ्यात काळं, जसं हवं तसं. दुसरी म्हणते की शिरेतून औषध दिल्यावरही पिशवीची भिंत उजळली नाही. ट्यूमर किंवा जंतुसंसर्ग असता तर बहुतेक वेळा ती उजळली असती. तिसरी म्हणते ‘गलासी टाइप टू’. कानशिलामागच्या भागातल्या अशा सिस्टचे तीन गट इटलीच्या गलासी यांनी १९८२ मध्ये पाडले. त्यांतला हा मधला: शेजारचा टेम्पोरल लोब, म्हणजे मेंदूचा कानशिलाजवळचा भाग, थोडा सरकलेला, पण फार दाबलेला नाही. चौथी ओळ माझ्या दृष्टीने सगळ्यांत महत्त्वाची. मेंदूची मधली रेषा जागच्या जागी आहे, आतल्या पाण्याच्या पोकळ्या फुगलेल्या नाहीत, आजूबाजूला सूज नाही. रिपोर्टमधला सेंटिमीटरचा आकडा बघून घाबरायला होतं, पण निर्णय आकड्यावरून होत नाही, या चौथ्या ओळीवरून होतो.

तरी आप्पांचा प्रश्न उरतोच: सिस्ट आहे आणि आजारही आहे, मग संबंध कसा नाही? यासाठी थोडं गणित करू. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाच्या डॉक्टरांनी ४८ हजारांहून जास्त प्रौढांचे एमआरआय तपासले. त्यांत १.४ टक्के लोकांच्या डोक्यात अशी सिस्ट निघाली. बहुतेकांना तिचा काही त्रास नव्हता, आणि ज्यांच्यावर पुढे लक्ष ठेवलं त्यांच्यातल्या फारच थोड्यांची सिस्ट वाढली. आता २०११ च्या जनगणनेतली नाशिक जिल्ह्याची लोकसंख्या घ्या, ६१ लाखांच्या वर. ढोबळमानाने तोच दर लावला तर साधारण ८५ हजार नाशिककर डोक्यात सिस्ट घेऊन द्राक्षबागेत, शाळेत, कंपनीत, देवळात रोजचे व्यवहार करत असणार, आणि त्यांना त्याचा पत्ताही नसणार. दुसरीकडे स्किझोफ्रेनियासारखा, म्हणजे नसलेले आवाज ऐकू येण्याचा आणि संशय घेण्याचा आजार आयुष्यात शंभरात सुमारे एकाला होतो. म्हणजे या दोन गोष्टींचा एकमेकींशी काडीचा संबंध नसला, तरी आपल्या एका जिल्ह्यात आठशेच्या आसपास माणसांना दोन्ही असणार. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच वेळ आली, एवढंच त्यांच्यापैकी अनेकांच्या बाबतीत म्हणता येतं.

आप्पांची शंका मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. सिस्ट डाव्या टेम्पोरल लोबपाशी आहे. ऐकणं आणि भाषा समजणं यांचं मोठं काम तिथेच चालतं, आणि ज्यांना आवाज ऐकू येतात त्यांच्या मेंदूच्या अभ्यासात याच भागातले बदल पुन्हापुन्हा दिसले आहेत. माणूस आवाज ऐकतो आणि नेमकी तिथेच पिशवी, यावर बापाचं मन अडलं नाही तरच नवल. वैद्यकीय नियतकालिकांतही अशा रुग्णांच्या नोंदी आहेत. काहींमध्ये सिस्टवर शस्त्रक्रिया झाल्यावर भास कमी झाले, काहींमध्ये काहीच फरक पडला नाही. काही संशोधक तिसरी शक्यता मांडतात: गर्भात मेंदू घडताना झालेल्या एखाद्या बारीक गडबडीतून सिस्टही आली असेल आणि पुढच्या आजाराची जमीनही तयार झाली असेल. तसं असेल तर सिस्ट ही आजाराची जन्मखूण ठरेल, कारण नव्हे, आणि ती काढून आजार जाणार नाही.

एकेका रुग्णाच्या नोंदी वाचताना एक लक्षात ठेवावं. ऑपरेशननंतर बरा झालेला रुग्ण छापून येतो. ऑपरेशन होऊन तसाच राहिलेला रुग्ण सहसा छापून येत नाही. शिवाय त्याच काळात औषधंही चालू असतात, मग गुण कशाचा, हे कसं ठरवायचं? आणि तुमच्या भावाच्या बाबतीत काळाचा हिशेब बघा. सिस्ट बहुधा जन्मापासून तिथेच होती. तो शाळा शिकला, डिप्लोमा झाला, नोकरीला लागला, तेव्हाही होती. आजार सुरू झाला तो विशी-पंचविशीच्या वयात, म्हणजे सिस्ट नसलेल्या मुलांमध्येही तो ज्या वयात सुरू होतो, त्याच वयात. आणि रिस्पेरिडोनने दोन महिन्यांत आवाज कमी झाले तेव्हा सिस्ट होती तेवढीच होती. आप्पांशी बोलताना हा शेवटचा मुद्दा आधी मांडा. ते त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

मात्र सिस्टमुळे खरोखर मानसिक लक्षणं दिसू शकतात असे काही मार्ग आहेत, आणि ते तपासल्याशिवाय ‘संबंध नाही’ असं म्हणून फाईल बंद करू नये.

त्यांतला सगळ्यांत जास्त ध्यानात ठेवायचा मार्ग फिटचा. फिट म्हटलं की आपल्याला जमिनीवर पडून हातपाय झाडणारा माणूस आठवतो. टेम्पोरल लोबची फिट बऱ्याचदा तशी नसते. पोटातून काहीतरी वर चढतंय असं वाटतं, कुठेही काही जळत नसताना जळका वास येतो, नव्या जागी उभं असताना हे सगळं आधी घडून गेलंय असं वाटतं, किंवा अचानक भीतीची लाट येते. मग माणूस बोलता बोलता थांबतो, एकटक बघतो, ओठ चाटतो, काही चघळल्यासारखं करतो, बोटांनी शर्टाचं बटण किंवा चादर चाचपत राहतो. मिनिट-दोन मिनिटांत संपतं, पुढे थोडा वेळ गोंधळलेला असतो, आणि विचारलं तर त्याला काही आठवत नाही. घरच्यांना वाटतं, आजारामुळे तंद्री लागली. अशा फिट येत असतील तर त्यांच्यामागून भास आणि संशय येऊ शकतात. लागोपाठ फिट येऊन गेल्यावर एखादा दिवस माणूस बरा असतो आणि मग एकदम बिथरतो, असंही होतं. तुमची आई रात्री जागते आहे, तिला हे सगळं विचारा. काही दिसलं तर मोबाईलवर चित्रण करून ठेवायला सांगा, न्यूरोलॉजिस्टला त्याचा फार उपयोग होतो. ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरींचा आलेख, काढून घ्या, जमल्यास झोपेतलाही. आणि फिटची गोळी सुरू करायची वेळ आलीच तर मानसोपचाराचं औषध चालू आहे हे आवर्जून सांगा. लेव्हिटिरासिटॅम हे आज फिटसाठी सर्रास दिलं जाणारं चांगलं औषध आहे, पण काही जणांमध्ये त्याने चिडचिड, आक्रमकपणा, क्वचित भासही वाढतात. उलट मानसोपचाराची काही औषधं फिट येणं सोपं करतात. म्हणून दोन्ही डॉक्टरांना एकमेकांच्या चिठ्ठ्या दिसल्या पाहिजेत.

दुसरा मार्ग डोक्यातला दाब वाढण्याचा. पहाटे डोकं दुखून उलटी होणं, नजर धूसर किंवा दुहेरी होणं, चालताना तोल जाणं, दिवसेंदिवस सुस्ती वाढणं. यांतलं काही असेल तर थांबू नका. डोळ्यांच्या डॉक्टरांकडून डोळ्यांचा पडदा तपासून घेणं ही साधी गोष्ट आहे, दाब वाढलेला असेल तर बहुतेक वेळा तिथे सूज दिसते. तिसरा मार्ग रक्तस्रावाचा. डोक्याला मार बसल्यावर अशा सिस्टच्या आसपास रक्त साचण्याचा धोका इतरांपेक्षा थोडा जास्त असतो, आणि वागण्यातला बदल हे त्याचं पहिलं लक्षण असू शकतं. दिवाळीच्या सुमारास तो गाडीवरून पडला होता का, कंपनीत डोक्याला काही लागलं होतं का, हे त्याला एकट्याला, शांतपणे विचारा.

त्याच बैठकीत गांजाचंही विचारा. दम देऊन विचारलंत तर तो नाही म्हणेल. आणि तुमचं घर माळकरी आहे म्हणून व्हिटॅमिन बी-१२ ची रक्ततपासणी झाली आहे का बघा. ते मुख्यत्वे दूध, अंडी, मांस-मासे यांतूनच मिळतं. दूधदुभतं कमी असलेल्या शाकाहारी घरांत त्याची कमतरता भरपूर आढळते, आणि ती फार झाली तर उदासी, विसराळूपणा, क्वचित भाससुद्धा होतात. थायरॉइड त्याच रक्तात बघून होतं. कानशिलामागच्या पिशवीची घरात एवढी चर्चा होते आणि ही साधी रक्ततपासणी राहून जाते, हे मी फार वेळा पाहतो.

चुलत्यांचा कोबीतला किडा. कोबीतली हिरवी अळी मेंदूत जात नाही, पण त्यांच्या म्हणण्यामागे एक खरा आजार आहे, न्यूरोसिस्टिसर्कोसिस. डुकराच्या मांसातून येणाऱ्या पट्टकृमीची अंडी पोटात गेली की त्यांतून निघालेल्या अळ्या रक्तावाटे मेंदूत पोचतात आणि तिथे छोट्या पिशव्या करून बसतात. आपल्याकडे फिट येण्याचं ते एक मोठं कारण आहे. आणि माळकरी घरालाही तो होऊ शकतो, कारण ही अंडी मांसातून येत नाहीत. ज्याच्या पोटात पट्टकृमी आहे अशा माणसाच्या विष्ठेतून ती माती-पाण्यात जातात आणि न धुतलेल्या हातांवरून, कच्च्या भाजीवरून आपल्या पोटात येतात. कोबी, कोथिंबीर, मुळा, गाजर, जे काही कच्चं खाता ते वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा. मानसिक लक्षणांशी या आजाराचं नातं अ‍ॅरॅक्नॉइड सिस्टपेक्षा बरंच पक्कं आहे. ब्राझीलमध्ये १९९७ साली छापलेल्या एका अभ्यासात ३८ रुग्णांपैकी निम्म्याहून जास्त जणांना नैराश्य आढळलं होतं. अर्थात ते आधीच न्यूरोलॉजीच्या दवाखान्यात पोचलेले रुग्ण होते. तुमच्या भावाच्या रिपोर्टशी मात्र हे जुळत नाही. त्या पिशव्या बहुतेक वेळा सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरच्या असतात, भोवती कडं उजळतं, आत किड्याच्या डोक्याचा ठिपका दिसतो. यांतलं इथे काही नाही. म्हणून जंताच्या गोळ्यांचा कोर्स कुणी सुचवला तरी न विचारता घेऊ नका.

आता ऑपरेशन. दोन सर्जननी दोन गोष्टी सांगितल्या म्हणून एक खोटं बोलतो असं समजू नका. ‘करता येईल’ आणि ‘करायला हवं’ ही वेगवेगळी उत्तरं आहेत. दुर्बिणीने किंवा कवटी उघडून पिशवीला खिडकी पाडतात, म्हणजे आतलं पाणी मेंदूच्या नेहमीच्या पाण्यात मिसळत राहतं. नाहीतर पिशवीपासून पोटापर्यंत बारीक नळी टाकतात. दाब वाढलेला असेल, रक्तस्राव झाला असेल, सिस्ट वाढत असेल किंवा औषधांनी न आवरणाऱ्या फिट तिथूनच येत असल्याचं सिद्ध झालं असेल, तर हे ऑपरेशन माणसाला उभं करतं. पण त्यात रक्त साचणं, संसर्ग, पाणी झिरपणं, नळी तुंबली तर पुन्हा ऑपरेशन, हे धोके आहेत. केवळ आवाज ऐकू येतात एवढ्यावर आणि असा रिपोर्ट हातात असताना, हे ऑपरेशन करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. तरी दुसऱ्या सर्जनना भेटा आणि आप्पांना बरोबर न्या. आप्पांसमोर त्यांना विचारा: ऑपरेशन नक्की कुठल्या तक्रारीसाठी? त्याने आवाज थांबतील असं तुम्ही केसपेपरवर लिहून द्याल का? आणि ऑपरेशननंतर मानसोपचाराच्या गोळ्या बंद होतील का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर प्रामाणिक सर्जन ‘नाही’ असंच देतील, आणि ते आप्पांनी त्यांच्या तोंडून ऐकणं तुम्ही दहा वेळा सांगण्यापेक्षा बरं.

अमेरिकेतली ती गोष्ट खरी आहे. १९९१ साली न्यूयॉर्कमध्ये हर्बर्ट वाइनस्टीन नावाच्या ६५ वर्षांच्या माणसाने बायकोचा खून केला. त्याच्या मेंदूत पुढच्या बाजूला मोठी अ‍ॅरॅक्नॉइड सिस्ट निघाली आणि वकिलांनी तिच्यावर सगळा बचाव उभा केला. पण खटला पूर्ण चालला नाही. त्याने सौम्य गुन्हा कबूल करून शिक्षा घेतली. सिस्टमुळे खून झाला, असं कुठल्याही न्यायालयाने ठरवलेलं नाही. सिस्ट असलेली लाखो माणसं कुणाच्या अंगावर धावून जात नाहीत, आणि आवाज ऐकू येणारी बहुसंख्य माणसंही जात नाहीत. दुसऱ्याला त्रास देण्यापेक्षा त्यांनाच मार खावा लागतो, हे मी इथेच पाहत आलो आहे. त्याने आईला ढकललं तेव्हा तो आजारी होता आणि औषधावाचून होता. आईला भीती वाटते ती खोटी नाही, आणि त्या भीतीवर सगळ्यांत मोठा उतारा त्याचं औषध आहे.

आप्पांबद्दल मला थोडं जास्त बोलायचंय. घरोघर हेच होतं. एमआरआयची फिल्म खिडकीच्या उजेडात धरून ते पाहुण्यांना दाखवत असतील, हे बघा, इथे आहे. त्या काळ्या डागामुळे त्यांना कित्येक महिन्यांत पहिल्यांदा मान वर करता आली आहे. डोक्यात गाठ आहे हे सोयऱ्यांना सांगता येतं, गावात सांगता येतं, कंपनीत रजेच्या अर्जावर लिहिता येतं. पोराला आवाज ऐकू येतात हे कुठे सांगायचं? म्हणून सिस्ट काढून घेऊ नका त्यांच्याकडून, वाद घालू नका. त्यांना एवढंच सांगा की फिल्मवर काहीही दिसलं नसतं तरी त्यांच्या मुलाचा आजार तेवढाच खरा असता, मेंदूचाच असता, आणि त्यात ना मुलाचा दोष ना आई-बापाच्या वळणाचा. मधुमेहाच्या माणसाचं स्वादुपिंड कुणी फिल्मवर दाखवा म्हणत नाही. रुग्णाच्या हक्कांचा जो मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ साली झाला, त्याने विमा कंपन्यांनाही मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरायला लावलं आहे. घरचा विमा असेल तर कागद काढून बघा.

आजींच्या मनाचाही मान राखा. नारायण नागबळी केल्याने त्यांना बरं वाटत असेल तर करा, मी देवाधर्माच्या आड येणार नाही. मात्र तो तीन दिवसांचा विधी आहे. त्या दिवसांत गोळ्या चुकता कामा नयेत, उपासात त्याला धरू नका, जागरण नको. आणि त्र्यंबकेश्वरच्या गर्दीत त्याला मध्ये बसवून ठेवू नका. अनोळखी माणसं एकमेकांत कुजबुजताना दिसणं हीच तर सध्या त्याची यातना आहे. विधी वडीलधाऱ्यांनी करावा, त्याने घरी झोप काढावी. कुणी भगत अंगातलं बाहेर काढतो म्हणून मारहाण करायला लागला तर तो २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे, तिथून त्याला तडक उठवून आणा.

डॉक्टर बदलायची गरज मला दिसत नाही. ज्यांनी एमआरआय करायला लावला, त्यांनी काम नीट केलं आहे. त्यांनाच सांगा की न्यूरोलॉजिस्टशी थेट बोला. खर्च झेपत नसेल तर नाशिकच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. रात्रीबेरात्री काही सुचेनासं झालं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक केव्हाही लागतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. जीव द्यायची भाषा केली, खाणंपिणं सोडलं, पूर्ण गप्प होऊन ताठला, ताप येऊन बरळू लागला किंवा ढळढळीत फिट आली, तर मात्र फोन करत बसू नका, सरळ दवाखान्यात न्या. आईला एकटीला रात्रीची राखण करू देऊ नका. आठवड्यातल्या दोन रात्री तुम्ही जा, दोन चुलत्यांकडे द्या. कोबीपेक्षा ही मदत मोठी होईल.

एमआरआयच्या फिल्मपेक्षा सीडी जपून ठेवा. पुढचा एमआरआय कधी करायचा ते न्यूरोसर्जन सांगतील, तेव्हा जुन्या सीडीशी ताडून बघितल्यावरच सिस्ट वाढली की तेवढीच आहे हे कळतं. भावाला हेल्मेटशिवाय गाडीवर बसू देऊ नका, मागे बसला तरी. गुंगी आहे तोवर त्याने गाडी चालवूच नये, ओझरहून सातपूरला जायला कंपनीची बस किंवा कुणाची सोबत बघा. कामावर परत जायची घाई नको, पण जायचं आहे हे त्याच्यासमोर बोलत राहा. गेला की कंपनीत सांगून पहिले काही महिने त्याला पहिलीच शिफ्ट मागून घ्या. रात्रपाळीचं जागरण फिटलाही चालत नाही आणि आवाजांनाही.